शून्याचं तिकीट

घाईबाई भित्री आहे, हे डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं. तपासणीचं पथक दिसलं की तिचा घसा कोरडा पडायचा आणि साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की हातपाय गार व्हायचे. ड्रायव्हर म्हणायचा, ही बाई स्वतःच मारलेल्या घंटीलाही दचकते. मग अशा बाईनं कंडक्टरची नोकरी धरावीच कशाला? तर नवरा अचानक गेला, भरती निघाली, नाव लागलं. तिथं धीर किती आहे ते कुणी तपासत नाही.

प्रत्येक थांब्यावर ती "चला, आटपा, घाई करा" म्हणून गलका करायची, त्यावरून प्रवाशांनी तिचं हे नाव पाडलं होतं. तिच्या घाईला कारणही तसंच होतं. गावांमधून फिरत मोठ्या इस्पितळापर्यंत जाणारी ती दिवसातली एकुलती एक बस, आणि त्याच बसनं तिची थोरली बहीण आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची. साडेनऊला पोचलं नाही की मशीनवर दुसरा रुग्ण घेत. एकदा तसं झालं होतं. त्या संध्याकाळी ताईचा सुजलेला चेहरा आणि लागलेली धाप पाहून घाईबाईच्या काळजाचं पाणी झालं होतं. तेव्हापासून ती घड्याळाकडे बघत जगायची.

आणि या घाईनंच घात केला. म्हातारी माणसं, आजारी माणसं, शाळेतल्या मुली, या सगळ्यांना मोफत पास होता. पण पासवाल्यालाही तिकिटाच्या मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून द्यायचं, असा नियम होता, म्हणजे डोकं मोजलं जातं. आता ते मशीन म्हणजे एक नंबरचं आळशी. तीन बटणं दाबा, थांबा, कागद अडकला तर झाकण उघडा. एकेका थांब्यावर दहा-दहा पासवाले, बस दारापर्यंत ठासून भरलेली. घाईबाई हात हलवायची, पास दिसला, बसा. पथक यायचं, पास बघायचं, पास खरे असायचे, शून्याचं तिकीट कुणी मागायचं नाही, पथक उतरून जायचं. पैशाची अफरातफर म्हणाल तर एका पैची नाही. असं मशीन आल्यापासून पाच वर्षं चाललं, आणि आपण काही चुकतोय हे ती विसरूनही गेली.

मग बातमी आली. सरकारनं गावोगावच्या बससाठी मोठा निधी दिला होता. नव्या गाड्या येणार, एका फेरीच्या चार फेऱ्या होणार. ताईच्या आनंदाला पारावार नव्हता. डायलिसिस झाल्यावर पाच वाजेपर्यंत इस्पितळाच्या बाकावर मुटकुळं करून पडायला नको, दुपारीच घरी येता येईल, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली.

आठच दिवसांनी डेपोच्या फळ्यावर दुसरा कागद लागला. ज्या मार्गावर प्रवासी कमी, तो मार्ग बंद करून त्याची गाडी दुसरीकडे द्यायची. खाली यादी होती. यादीत पहिलाच मार्ग हिचा, आणि समोर आकडा, सरासरी प्रवासी अकरा. सगळे हसले. त्या बसमध्ये उभं राहायला जागा मिळत नाही, आणि म्हणे अकरा. घाईबाई तेवढी हसली नाही. तिनं फळ्याचाच आधार घेतला.

तीन दिवस तिला घास उतरेना. कबूल करावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर बस जाणार, आणि बस गेली तर ताई जाणार. शेवटी तिनं ड्रायव्हरला सांगितलं. त्यानं आधी कपाळावर हात मारला, मग आवाज खाली आणून सल्ला दिला, की मशीनवर ढकला, बिचारं ते काही बोलायला येत नाही. तिला तो बुडत्याला मिळालेला हात वाटला. मार्ग बंद करण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला सुनावणी ठेवली होती, तिला जाताना तिनं तेच पाठ केलं होतं.

सुनावणी सकाळी अकराला, कचेरीच्या दालनात. माणसं खुर्च्या संपून भिंतीला टेकून उभी होती. वरून आलेला अधिकारी पोरसवदा होता, शांत, समोर लॅपटॉप. लोकांनी आरडाओरडा केला, त्यानं सगळा ऐकून घेतला. मग म्हणाला, शंका होती म्हणून आम्ही मशीन तपासून घेतलंय, मशीन ठणठणीत आहे. मागच्या रांगेत घाईबाईचं पाठांतर तिथंच संपलं. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून ताई उठली. खुर्चीला धरून, एकेक शब्द जुळवत तिनं सांगितलं, की मी चार वर्षं याच बसनं, पासावर, डायलिसिसला जाते.

अधिकाऱ्यानं लॅपटॉपमध्ये बघितलं. त्यालाही अवघडल्यासारखं झालं असावं. "बाई, तुम्ही खोटं बोलताय असं नाही म्हणत मी. पण इथल्या नोंदीप्रमाणे या बसमध्ये पासवाला प्रवासी एकही चढलेला नाही."

ताईला काही उमगेना. ती वळली, गर्दीत बहिणीला शोधलं आणि म्हणाली, "अगं, तू सांग ना त्यांना. मी असते ना तुझ्या बसमध्ये?"

सगळ्या माना मागे वळल्या. घाईबाई उठली कशी, ते तिचं तिलाच माहीत नाही. 

"असते, साहेब," ती म्हणाली. "सगळेच असतात. मीच मोजलं नाही कुणाला."

 अधिकाऱ्यानं तिला पुढे बोलावलं. सांगितलं, की हे लेखी दिलंत तर मार्ग बंद करणं थांबवता येईल, दुसरा कंडक्टर देऊन पंधरा दिवस नव्यानं मोजणी होईल. तुमच्या नोकरीचं मात्र मला काही सांगता येणार नाही, निलंबन तर आजपासूनच होईल. तिनं मान हलवली. चार ओळी लिहायला तिला पाव तास लागला.

सहीच्या वेळी मात्र हात इतका कापायला लागला, की पेनाबरोबर कागदही सरकू लागला. ताई शेजारी येऊन उभी होती. ती बहिणीकडे बघत नव्हती. सुया टोचून टोचून गाठी आलेला हात तिनं कागदावर दाबून धरला, आणि घाईबाईनं सही केली.