फोनमधला कच्चा आंबा

चंद्रपूरच्या एका लहानशा संग्रहालयाच्या आदिवासी दालनात लोक काचेच्या पेट्यांसमोर कमी आणि पंख्याखाली जास्त थांबायचे. हे मी कोपऱ्यात खुर्ची टाकून चार दिवस पाहिलं. पाटीवर वस्तूचं नाव, काय कामाची, कशाची केलेली, एवढं लिहिलेलं. ते वाचून कुणाचं मन रमल्याचं मला तरी दिसलं नाही. म्हणून तिथल्या वस्तूंसाठी मोबाइल ॲप करायचं ठरलं. ते काम माझ्याकडे आलं, कारण पुण्याची नोकरी सोडून मी घुग्घुसला आईवडिलांकडे परत आले होते आणि आमच्या भागात ॲप करणारी बाई म्हणून माझी एकटीचीच ख्याती होती.

घुग्घुसला दर तासाला लॅपटॉपवरची कोळशाची धूळ पुसावी लागते. तिथे बसून मी जंगल तयार केलं. याला आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, पण तेव्हा मला ते सुचलं नाही. फोन बांबूच्या टोपलीसमोर धरला की पडद्यावर आंब्याचं झाड वाढायचं, कैऱ्या लागायच्या. कैरीला बोट लावलं की ती टोपलीत पडायची आणि फोन म्हणायचा, "शाब्बास!" तो आवाज माझाच होता. दुसऱ्या कुणाला बोलवायचा कंटाळा केला होता.

त्या दालनाची देखरेख एक पन्नाशीचे माडिया गृहस्थ करायचे. गाव एटापल्लीच्याही पुढे, जंगलात. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला बाई. त्यांना खेळ दाखवला तेव्हा त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "आंबे मस्त लागले." मी ती पसंती समजले.

चैत्राच्या सुरुवातीला चाचणी ठरली. भाऊंच्याच भागातल्या आश्रमशाळेची मुलं येणार होती आणि मंजुरी देणारे साहेबही. मुलं खेळली तर ॲप सुरू होणार, नाहीतर गुंडाळून ठेवणार, असं साहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं. तोवर माझ्या हातून स्वतःचं म्हणावं असं एकही काम तडीस गेलेलं नव्हतं. हे गेलंच पाहिजे, असं मला फार वाटत होतं.

मुलांनी फोन धरले. झाड वाढायला लागलं तशी ती हसली, एकमेकांच्या फोनमध्ये डोकावली. मग कैऱ्या आल्या. दोघातिघांनी बोट उचललं आणि कैरीजवळ नेऊन तिथेच थांबवलं. कुणीच पडद्याला हात लावेना. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी आधी फोनला दोष दिला. पडदे पुसले, दोन फोन बंद करून पुन्हा सुरू केले. साहेब घड्याळ बघायला लागले होते.

सगळ्यात जवळ एक मुलगी उभी होती, अकरा-बारा वर्षांची, केसांना लाल रिबीन. "असं लाव," म्हणत मी तिचं बोट धरलं आणि कैरीवर टेकवलं. कैरी टोपलीत पडली. माझ्या आवाजात फोन म्हणाला, "शाब्बास!" मुलीनं हात झटकन ओढून घेतला आणि बोट फ्रॉकला पुसलं. एकदा पुसून तिचं समाधान झालं नाही, पुन्हा पुसलं. साहेब म्हणाले, "छान, चालतंय की," आणि चहाला गेले. मंजुरी मिळाली ती त्या एका कैरीवर.

ते गेल्यावर भाऊ जवळ आले. "बाई, यायच्या गावात मरका पंडुम झाला नाई अजून." मरका म्हणजे आंबा. नवा आंबा आधी देवाला आणि पूर्वजांना दिला जातो, तो सण म्हणजे मरका पंडुम. तो होईपर्यंत गावात कुणी आंबा तोडत नाही, खात नाही, झाड स्वतःच्या दारात असलं तरी.

"भाऊ, पण हा तर खोटा आंबा आहे."

ते त्या मुलीनं ऐकलं. "खोटा हाय त काऊन तोडाचा?" तिनं विचारलं.

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात वाढणं हा माझा धंदा. तो कशाला जेवायचा, हे मला कधी कुणी विचारलेलं नव्हतं. मी भाऊंवर उखडले, आधी का नाही सांगितलं म्हणून. ते म्हणाले, "मले वाटलं, शहरातल्या पोरायसाठी हाय. त्यायले कुठी पंडुम रायते?"

मी खेळ बदलला. आता फोन आधी विचारतो, तुमच्या गावात आंब्याचा सण झाला का. नाही म्हटलं तर झाड वाढतं, कैऱ्या दिसतात, तुटत नाहीत. यात माझ्या परीने विषय संपला होता.

मग भाऊ पंडुमची सुट्टी घेऊन गावाला गेले आणि परत आल्यावर म्हणाले, "सगळ्यायनं आंबा खाल्ला. ते लाल रिबीनवाली पोरगी खाऊन नाई राह्यली."

ती भाऊंच्याच गावची. तिनं पूजेच्या आधीच भूमियाला, म्हणजे गावची पूजा करणाऱ्या म्हाताऱ्याला, सांगून टाकलं होतं की मी या वर्षी आधीच आंबा तोडला. त्यानं विचारलं, कसा? तर बाईनं बोट धरलं. म्हातारा म्हणाला, मग पोरीचा दोष नाही, दंड बाईचा, एक कोंबडी. तू खा. पण ज्यानं तोडला तो दंड देईपर्यंत मी खाणार नाही, असं ती म्हणून बसली होती.

मला आधी हसू आलं. मग मी हिशेब केला की जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि ॲपचं उद्घाटन सोमवारी. मग फ्रॉकला दोनदा पुसलेलं ते बोट आठवलं आणि मला माझी लाज वाटली. शनिवारी पहाटेच्या बसने निघाले. एटापल्लीत कोंबडी घेतली आणि भाऊंच्या मोटरसायकलवर मागे बसले. कोंबडी पिशवीत, मांडीवर. वाटेत ती माझ्यापेक्षा शांत होती.

भूमियानं कोंबडी घेतली, झाडाखालच्या दगडांपुढे काहीतरी पुटपुटला. मग भाऊंकरवी मला विचारलं, तुम्ही या वर्षी आंबा खाल्ला का? खोटं बोलायचा धीर झाला नाही. सांगितलं, फाल्गुनातच, घुग्घुसला, गच्चीवर उभं राहून, तिखटमीठ लावून. तो मनापासून हसला आणि काहीतरी म्हणाला. भाऊंनी सांगितलं, "म्हणते, तुमचा देव लय सोसते."

मग कैरी कापली. पहिली फोड मुलीला दिली. तिनं डोळे घट्ट मिटून ती खाल्ली, मग दुसरी, तिसरी, भराभर, मध्ये न थांबता. किती दिवस तिनं इतरांना खाताना बघितलं असेल, हे मला तेव्हा कळलं.

बदललेला खेळ दाखवावा म्हणून मी फोन पुढे केला. तिनं झाड पाहिलं आणि फोन परत दिला. "आता खरा हाय ना," ती म्हणाली आणि एक फोड माझ्यापुढे धरली.

मी ती खाल्ली. फार आंबट होती, पण पूर्ण खाल्ली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी गिळल्यावर, फोनमधली माझीच चाल जशीच्या तशी उचलून, ती म्हणाली, "शाब्बास."