घोड्याच्या पाटीला ग्रीस

ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला आम्ही ड्रायव्हर लोक घोडा म्हणतो. सूर्यमाळला पाण्याच्या योजनेचे पाइप पोचवले, ते उतरवायला दोन दिवस लागणार होते. ट्रेलर तिथंच सोडून मी नुसता घोडा घेऊन साखरशेतला घरी आलो. मालकाला विचारलंय, असं बायकोला सांगितलं. मालकाला काय सांगितलं, ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रीसचा डबा काढला. घोड्याच्या मागच्या अंगाला नालाच्या आकाराची जाड लोखंडी पाटी असते. ट्रेलरचं पुढचं वजन तिच्यावर टेकतं आणि वळणावर तिच्यावरच फिरतं. ती कोरडी पडली की घाटात स्टेअरिंग जड होतं. जुनं ग्रीस धुळीनं वाळल्या शेणासारखं झालं होतं. ते खरवडायला मी चुलीजवळचं उलथणं उचललं. बायको आधी ओरडली, मग पदर खोचून स्वतःच खरवडायला बसली. म्हणे, तुम्हाला धड जमत नाही. नवं ग्रीस मात्र मी हातानं थापलं, पाटी चकाकेपर्यंत.

हात धुवायला गेलो आणि दाजी आले. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जव्हारला कचेरीत नोकरी, पांढरीशुभ्र पँट, आणि समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ द्यायचं नाही. त्यांना माझ्या गाडीतून मोखाड्याला जायचं होतं. त्याआधी तिथल्या साहेबांना फोन लावायचा होता, पण आमच्या पाड्यावर रेंज नाही. उंचावर मिळेल म्हणून ते चाकावर पाय देऊन घोड्यावर चढले.

"दाजी, त्या पाटीवर..."

"मला नको शिकवू. ही बघ, आली रेंज."

"पण तिथं आत्ताच..."

"हॅलो, साहेब!"

आणि ऐसपैस बसले. मी आणखी मोठ्यानं ओरडू शकलो असतो. शब्द ओठांवर आला होता, गिळला. बायको तोंडाला पदर लावून घरात पळाली.

फोन संपल्यावर दाजी उठायला गेले, ते घसरून पुन्हा बसले. खाली उतरले तेव्हा पँटवर मागे अख्खा नाल उमटला होता. बायकोनं नागलीचं पीठ चोळलं, मग साबण. डाग आणखी पसरला. शेवटी दाजी माझी निळी लुंगी नेसून केबिनमध्ये बसले. मलाच चोरट्यासारखं झालं.

"दाजी, मी ओरडायला हवं होतं."

"ओरडला असतास तरी मी ऐकलं असतं का?" ते म्हणाले, आणि एकदम हसू लागले.

लुंगीवर साहेबांकडे कसं जाणार? आले माझ्याबरोबर सूर्यमाळला. ट्रेलर रिकामा झाला होता. मी घोडा मागे घेऊ लागलो, तसे दाजी उतरून मागे उभे राहिले. "येऊ दे, येऊ दे... जरा डावीकडं... बस!" खट्‌कन आवाज झाला, ट्रेलरखालची जाड पिन पाटीच्या खाचेत अडकली. दाजींनी वाकून पाहिलं. "बसली रे पिन!"

मी घोड्याकडून ट्रेलरला जाणाऱ्या ब्रेकच्या हवेच्या नळ्या जोडून वर पाहतो, तर दाजी पाइप उतरवणाऱ्या गड्यांना गोळा करून ट्रेलर कसा जोडतात ते समजावून सांगत होते. ग्रीस किती लावायचं, तेसुद्धा.