साहेबाशी बोलणार कोण?

किस्से जमवायला फार काही करावं लागत नाही. पंखा चालू ठेवायचा आणि बाकडं रिकामं ठेवायचं, बस्स! मी आमच्या नगरपरिषदेच्या वाचनालयात बावीस वर्षं काम करतोय. नगरपरिषद बुलडाणा जिल्ह्यातलीच. मेहकरहून सकाळच्या एसटीत बसलात तर जेवणाच्या आत पोचाल, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. ड्युटी सुटली की झाडूवाल्या बाया, नळाचं पाणी सोडणारे व्हॉल्वमन, ड्रायव्हर, सगळे पंख्याखाली येऊन टेकतात. नेलेली पुस्तकं परत मिळवायला मी वर्षभर मागे लागतो. किस्से मात्र न मागता आणून देतात!

त्यातले हे आमच्या निवडणुकीचे. साहेबाशी वाटाघाटी करायला आम्ही आमच्यातलीच तीन माणसं मत टाकून निवडली, तेव्हाचे.

*

आधी अशी निवडणूक नव्हतीच. युनियनचे अध्यक्ष नानाभाऊ एकटेच सीओ साहेबांच्या, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये जायचे, चहा पिऊन बाहेर यायचे आणि सांगायचे, "चर्चा सकारात्मक झाली!" आम्ही टाळ्या वाजवायचो.

एकदा सकाळी हजेरी शेडमध्ये नानाभाऊंनी हेच सांगितलं. टाळ्या पडल्या. पण कांताबाईनं टाळी वाजवली नाही. कांताबाई म्हणजे वीस वर्षं बाजार लाइन झाडणारी बाई. त्या शेडमध्ये बायांना कपडे बदलायला एक खोली होती, पण तिला दार नव्हतं. एकीनं साडी धरायची, दुसरीनं आत बदलायचं. तीन वर्षं हेच चालू होतं.

कांताबाईनं विचारलं, "नानाभाऊ, सकारात्मक म्हंजे हो का नाई?"

"म्हंजे... चांगली झाली."

"चांगली झाली ते समजलं. दार आलं का?"

नानाभाऊ माणूस मोठा! सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, खरं सांगू का? त्या एसीत गेलो का मले तुमचं दार आठोतच नाई. ज्याले दार पाह्यजे, तेच आत गेलं पाह्यजे."

त्याच सकाळी ठरलं. तीन विभाग, तीन माणसं, आणि मतदान गुप्त!

*

निवडणूक अधिकारी कोण, यावर दीड तास वाद झाला. ज्याचं नाव निघे, त्याचं कोणाशी तरी वाकडं असे. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी भारावून म्हणालो, "एवढा विश्वास माह्यावर?"

"विश्वासाचं नाई, पल्हादभाऊ," कोणीतरी मागून म्हणालं. "वाचनालयात जोरानं बोलायची बंदी हाये ना, म्हनून तुमच्याशी कोनाचं भांडनच नाई झालं!"

*

वाहन आणि अग्निशमन विभागातून सलीमभाई उभे होते. देऊळघाटचे. आगीची गाडी चालवतात. प्रत्येक उमेदवारानं वाचनालयात येऊन दहा मिनिटं बोलायचं, असा नियम मी केला होता.

सलीमभाई बोलायला उठले. पहिला मुद्दा झाला, गाडीच्या टायरांचा. मग म्हणाले, "आता दुसरा मुद्दा असा का..." आणि फोन वाजला. एका गावात कडब्याच्या गंजीला आग! सलीमभाईंनी टोपी उचलली आणि धावले. त्यांच्याविरुद्ध उभा असलेला ड्रायव्हरही त्यांच्यामागे त्याच गाडीत चढला.

मला वाटलं, सभा संपली. मी खुर्च्या उचलायला लागलो तर एक बाई म्हणाली, "राहू द्या ना भाऊ. त्यायचं बोलनं अर्धं हाये."

तीन तास गेले. कोणी शेंगदाणे आणले, कोणी घरी जाऊन जनावरांना पाणी पाजून आलं, पण आलं! चार वाजता गाडी परत आली. दोघांची तोंडं काळी, शर्ट ओले. सलीमभाई दारात थबकले. खोली अजून भरलेलीच होती. मी पाण्याचा तांब्या दिला. तो त्यांनी आधी दुसऱ्या उमेदवाराला दिला, मग स्वतः प्याले, तोंड पुसलं आणि म्हणाले,

"तं दुसरा मुद्दा असा का..."

असल्या टाळ्या मी त्या वाचनालयात कधी ऐकल्या नाहीत. जोरानं बोलायची बंदी होती, टाळ्यांची नव्हती!

*

निवडणूक झाली. सलीमभाई आले, पंपहाऊसचे रमेश वानखडे आले आणि कांताबाई आली. आता मागण्यांचं निवेदन लिहायचं. ते काम माझ्याकडे आलं, कारण घरात शब्दकोश असलेला मी एकटाच.

मी रात्रभर नाही, पण दुपारभर खपून लिहिलं आणि तिघांना वाचून दाखवलं. "महिला कर्मचाऱ्यांच्या वस्त्रांतरगृहास द्वार नसल्याने त्यांची कुचंबणा होत आहे."

वानखडेंनी मान डोलावली. सलीमभाई म्हणाले, "वाहवा!" कांताबाईचा चेहरा मात्र पडला.

"काऊन बाई? काही चुकलं का?"

"द्वार कायले लिवलं?"

"दाराले शुद्ध भाषेत द्वारच म्हणतात."

"खोडा ते. दार लिवा," कांताबाई म्हणाली. "द्वार मंजूर झालं तं लोकं ते देवळाले नेऊन लावतीन!"

मी खोडलं. दार लिहिलं.

*

पहिल्या बैठकीला तिघं केबिनमध्ये गेले. साहेबांच्या समोर खुर्च्या दोनच. कारण आजवर एकटे नानाभाऊच जायचे आणि दुसऱ्या खुर्चीवर त्यांची पिशवी बसायची.

साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, पण सवय. त्यांनी सलीमभाईंकडे आणि वानखडेंकडे पाहून म्हटलं, "बसा." कांताबाईकडे पाहिलंच नाही.

ते दोघं बसलेच नाहीत. साहेब म्हणाले, "अहो, बसा ना!"

"आमी तिघं हाओत साहेब," सलीमभाई म्हणाले. "बसलो तं तिघं बसू."

साहेबांनी बेल वाजवली. शिपाई येईना. (तो माझ्या बाकड्यावर पेपर वाचत बसला होता. ही कबुली मी आज पहिल्यांदाच देतोय!) वेळ जायला लागला, म्हणून तिघांनी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. दहा मिनिटं मान वर करून ऐकल्यावर साहेबांची मान दुखायला लागली. तेही उभे राहिले! नगरपरिषदेच्या इतिहासात साहेब आणि झाडूवाली बाई एकमेकांसमोर उभे राहून पाऊण तास बोलले, असं कधी झालं नसेल.

शेवटी शिपाई धापा टाकत खुर्ची घेऊन आला. साहेब स्वतःच म्हणाले, "बसा हो बाई, बसा आता."

"राहू द्या साहेब," कांताबाई म्हणाली. "उभ्याउभ्यानं दोन मागन्या झाल्या. बसलो तं गाडी थांबन!"

*

दुसरी बैठक झाली तेव्हा खुर्च्या तीन होत्या. हा किस्सा वानखडेंचा.

वानखडे अतिशय कमी बोलतात. पंपहाऊसमध्ये मोटारीच्या आवाजात आयुष्य गेलं, बोलून उपयोग काय! ते निवडून आले तेव्हा एकानं मला विचारलंही होतं, "बोलनी करायले मुका मानूस काऊन निवडला बे यायनं?" पण पंपहाऊसवाल्यांना माहीत होतं. रोज संध्याकाळी हा माणूस माझ्याकडे येऊन सेवानियमांचं पुस्तक वाचत बसायचा. ओळीखाली पेन्सिल लावायचा, पान दुमडायचा नाही.

त्या दिवशी विषय होता साप्ताहिक सुट्टीचा. साहेब म्हणाले, "तत्त्वतः मान्य आहे. पण अंमलबजावणीला तीन महिने लागतील."

दोघांनी वानखडेंकडे पाहिलं. वानखडेंनी मान खाली घातली. एक शब्द नाही. खिशात हात घातला, काढला. पिशवीत पाहिलं. टेबलाकडे पाहिलं.

साहेबांनी पेन आपटलं. "बरं, दोन महिने."

वानखडे गप्पच. वर छताकडे पाहिलं, परत खाली.

"ठीक आहे! पुढच्या एक तारखेपासून! आता तरी?"

वानखडेंनी सावकाश मान वर केली आणि म्हणाले, "चालन."

बाहेर आल्यावर सलीमभाईंनी त्यांना मिठीच मारली. "काय दाबलं भाऊ तुमी साहेबाले! एक शब्द न बोलता!"

"कायचं दाबलं," वानखडे म्हणाले. "मी तं चष्मा पाहून राह्यलो होतो. नियम दाखवाचा होता ना, त्याच्यासाठी."

चष्मा कपाळावर होता!

*

आणि खरंच दार आलं. पत्र्याचं, निळ्या रंगाचं. साहेब स्वतः सकाळी हजेरी शेडवर आले. कोणीतरी फीतही बांधली. कांताबाईनं फीत कापली, आत गेली आणि दार लावलं. खट्! कडी लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

बाहेर साहेब, नानाभाऊ, आम्ही सगळे उभे. एक मिनिट झालं. दोन झाली. बाई बाहेर येईना. साहेबांना काळजी वाटायला लागली. ते दाराजवळ जाऊन म्हणाले, "कांताबाई? काय झालं? कडी अडकली का?"

आतून आवाज आला, "काई नाई झालं साहेब! कोनी पाहून नाई राह्यलं, तेच पाहून राह्यली!"

मग एकेक करून सगळ्या बाया आत गेल्या, कडी लावली, कडी काढली. चाळीस वेळा खट् आणि चाळीस वेळा खट्! साहेब शेवटपर्यंत उभे होते. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

*

आता मतमोजणीचा. क्रमानं हा आधी यायला पाहिजे होता, पण मी मागे ठेवला.

रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या एका जागेसाठी कांताबाईविरुद्ध गजानन उभा होता. सगळे त्याला गजूभाऊ म्हणतात. मूळचा डोणगावचा, व्हॉल्वमन. जाड मिशा, मोठा आवाज, व्हॉल्व फिरवायची लांब लोखंडी चावी कायम खांद्यावर. त्यानं माझ्या टेबलावर बसूनच हिशेब मांडला होता. या विभागात बाया चाळीस. पुरुष, म्हणजे व्हॉल्ववाले, पाईपलाइनवाले, नालीवाले, मिळून एक्केचाळीस.

"बाया बाईले देतीन, मानसं मले देतीन," गजूभाऊ म्हणाला होता. "एका मतानं पडते कांताबाई! मी एकेकाच्या घरी जाऊन आलो."

आणि खरोखर गेला होता. पंधरा दिवस सायकलवर फिरला. कांताबाईला समोर पाहिलं की मिशीवर हात फिरवायचा.

मतदानाच्या सकाळी वाचनालयाबाहेर रांग लागली. कांताबाई पुढे, तिच्या मागे नेमका गजूभाऊ. मी दारातच बसलो होतो, त्यामुळे ऐकू आलं. कांताबाईच्या हातात तिच्या मागण्यांचा कागद होता. ती बोट ठेवून हळूहळू वाचत होती. गजूभाऊ तिच्या खांद्यावरून डोकावून वाचायला लागला. पहिलीच ओळ होती, व्हॉल्वच्या खड्ड्यात उतरणाऱ्याले गमबूट आणि बॅटरी. दुसरी ओळ दाराची.

"हे पह्यलं कोनं लिवलं?" गजूभाऊनं विचारलं.

"मीनं."

"तुमी तं खड्ड्यात उतरत नाई."

"तुमी उतरता ना," कांताबाई म्हणाली आणि पुढे सरकली. तिचा नंबर आला होता.

दुपारी सगळ्यांसमोर पेटी उघडली. कांताबाई एक्केचाळीस. गजूभाऊ चाळीस!

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! बाया नाचायला लागल्या. पुरुष एकमेकांच्या अंगावर. "कोन फुटलं बे?" "तू असशील!" "मी? माह्यावर आळ घेतो?" त्यांनी फेरमोजणी मागितली. मी तीनदा मोजली. चाळीस ते चाळीसच. गजूभाऊ एका कोपऱ्यात चावीला टेकून उभा होता. त्यानं फेरमोजणी मागितली नाही की कोणावर आवाज चढवला नाही.

पुढचे आठ दिवस एकेक पुरुष माझ्याकडे यायचा, इकडेतिकडे पाहायचा आणि हळूच म्हणायचा, "पल्हादभाऊ, आईची आन, मीनं गजूभाऊलेच देल्लं." मी काय बोलणार! निवडणूक अधिकारी. पण माणूस गेला की जुन्या पेपरच्या कडेला एक रेघ मारायचो. सगळे येऊन गेले. रेघा मोजल्या. चाळीस भरल्या.

नवव्या दिवशी गजूभाऊ आला. एकटाच. बाकड्यावर बसून पेपर उघडला.

मला राहवेना. मी म्हणालो, "गजूभाऊ, चाळीस जनं शपथ घेऊन गेले. पेटीतून मतंबी चाळीसच निंगाले. अन् तुमी मानसं तं एक्केचाळीस हा."

"हाव," तो म्हणाला.

"मंग एक्केचाळिसावा कोन?"

गजूभाऊनं पेपरची घडी केली, नीट चारी कोपरे जुळवून. चावी खांद्यावर टाकली.

"चार वाजले," तो म्हणाला. "मले खालच्या लाइनीचं पानी सोडा लागते." आणि झपाझप निघून गेला.

घड्याळात सव्वातीन झाले होते!