हापशीचं पाणी आणि माझे दात

मॅडमने पेन्सिलीने माझा वरचा ओठ वर केला. बोट लावलं नाही. पेन्सिल.

"बघा, दात कसे झालेत. ही मुलं घासतच नाहीत."

मागे विद्यापीठाचे विद्यार्थी वाकून बघत होते. एकाने फोटो काढला. मी तिसरीत होते.

कन्हान नदीच्या पलीकडची आमची वस्ती विद्यापीठाने दत्तक घेतली होती. दत्तक म्हणजे वर्षातून एक शिबिर, एक बॅनर, आणि पोरांना ब्रश-पेस्ट. आई गर्दीतून पुढे आली.

"मॅडम, पोरगी रोज घासते. माह्या डोयासमोर घासते."

"अहो, मग असे दिसले असते का?"

सगळे हसले. आई मागे सरली. दुसऱ्या दिवसापासून मी कोळशाने दात घासायला लागले, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. डाग गेले नाहीत. हसताना तोंडावर हात धरायची सवय लागली, ती थेट कॉलेजपर्यंत. बाबा चाळिशीतच भिंत धरून उठायला लागले. मला आईचा राग यायचा, वस्तीचा यायचा. मॅडमचा कधी आला नाही. त्याची आज जास्त लाज वाटते.

मग त्याच विद्यापीठात मी समाजकार्य शिकायला गेले. यंदा शिबिराच्या तोंडावर ग्रंथालयात एक जुना इंग्रजी अहवाल हाती लागला. आमच्या वस्तीचं नाव. आमच्या हापशीचं पाणी. फ्लोराइड जास्त, पिण्यालायक नाही, दातांवर डाग पडतात, हाडं आखडतात. संशोधन करणाऱ्यांत मॅडमचं नाव. अहवाल त्या शिबिराच्या आधीचा. तेव्हा आठवलं, शिबिराच्या आदल्या वर्षी उन्हाळ्यात विद्यार्थी बाटल्या घेऊन आले होते. आईनेच हापसून त्या भरून दिल्या होत्या. शेवटच्या पानावर आमच्या सहकार्याबद्दल आभारही मानले होते.

म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असून पेन्सिल माझ्या तोंडात घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

यंदाचं शिबिर वस्तीत आलं, तेव्हा फील्डवर्कची विद्यार्थिनी म्हणून मीही त्यात होते. मॅडम आता आमच्याच विभागप्रमुख.

"तू इथलीच ना? एका मुलीला पुढे आण, दात दाखवायला."

शेजारची सात वर्षांची पोरगी समोरच बसली होती. तिच्या दातांवर तेच तपकिरी पट्टे. मी पिशवीत हात घातला.

"नाही आणणार," मी म्हणाले आणि अहवालाची झेरॉक्स त्यांच्यापुढे धरली.

मॅडमने आवाज खाली आणला. "ते संशोधन होतं. ही सेवा आहे. दोन्ही वेगळं असतं."

"तोंड आमचंच होतं, मॅडम. दोन्ही वेळा."

मी माइक उचलला. "बाया हो, आपल्या पोराइचे दात घासून जाणार नाहीत. हापशीचं पानी खराब हाये. या मॅडमले पहिलेपासून माहीत होतं."

कोणी टाळी वाजवली नाही. आई मटकन खाली बसली. इतकी वर्षं तिनेच ते पाणी भरलं होतं, तिनेच पाजलं होतं.

माझ्या फील्डवर्कच्या शेऱ्यात आता 'शिस्तीचा अभाव' असं लिहिलंय. लिहू द्या. हे पाणी पिऊ नये याची खूण म्हणून हापशीला आम्ही बायांनी लाल रंग फासला. बाबांचे गुडघे वाकत नाहीत, ते वाकणारही नाहीत. मॅडमना मी लेखी दिलंय: ग्रामसभेत येऊन तो अहवाल मराठीत, स्वतः वाचायचा, आणि इतकी वर्षं का लपवला ते सांगायचं. तोवर वस्तीत एकही शिबिर होणार नाही. गाडी आली तर रस्त्यावर मी बसलेली असेन. शेजारी आई असेल.