चौथा ठोका

सिंगापुरात बेडोकला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका निवृत्त मरीन इंजिनिअर. लिफ्टचं दारसुद्धा तापलंय का, ते हात उपडा लावून बघतात. दरवर्षी इंग्लंडला जाऊन तिथल्या हौशी मंडळींबरोबर ते एक जुनं वाफेचं रेल्वे इंजिन दुरुस्त करायचे. यंदा ते काम पुरं झालं. पहिल्या फेरीचं आग्रहाचं बोलावणं आलं, पण काका गेले नाहीत. "आता माझं तिथे काय काम?" म्हणाले.

परवा खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी बसून जेवताना मी त्यांना फोनवर ती फेरी दाखवली. धूर, टाळ्या, सगळं होतं. काकांनी मात्र डोळे मिटून फोन कानाला लावला.

"इंजिनाचा चौथा ठोका उशिरा पडतोय," म्हणताना त्यांचा चेहरा उजळला होता. मग फोन परत देत हळूच म्हणाले, "जरा तिकिटं बघ बरं."