आधी मला टोचा

माझं माहेर कॅनॉलच्या बाजूचं. उसाचा मुलूख, बारा महिने ओलसर. लग्न होऊन मी तिसगावला आले तेव्हा मोठा दुष्काळ चालू होता. पुढच्या साली पाऊस झाला, बाजरी चांगली आली आणि सगळं गाव खूश झालं. मीही झाले. पण बाजरी खळ्यावर आली, वाऱ्यावर भुसा उडवायची उफणणी सुरू झाली आणि मला शिंका लागल्या.

साध्या शिंका नव्हेत. एकदा सुरू झाल्या की थांबायचं नाव नाही. नाक वाहायचं, डोळे लाल व्हायचे, टाळूला आतून खाज सुटायची. सकाळी अंगण झाडायला घेतलं की पहिला फेरा, आणि खळ्यावर गेलं की विचारूच नका. माझे मिस्टर नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कामाला होते, ते शनिवारी घरी यायचे. त्यांना वाटायचं, सर्दी झालीय, जाईल.

घरात खरी अडचण झाली ती माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामंजी म्हणायची, म्हणजे मनातल्या मनात. समोर बोलायची आमच्यात पद्धतच नव्हती. मला काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंना म्हणायचे, "तिला सांग," आणि मी पदर पुढे ओढून आत सरकायची. मामंजी शकुन फार मानायचे. बाहेर निघताना कुणी शिंकलं तर चपला काढून परत ओट्यावर बसायचं, तांब्याभर पाणी प्यायचं, थोडं थांबायचं आणि मग निघायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. आता सून सकाळपासून शिंकतेय म्हटल्यावर त्या माणसानं घराबाहेर पडायचं कसं? ते चपला घालायचे, मी आत तोंडात पदर कोंबून श्वास धरायची, आणि नेमकी तेव्हाच शिंक यायची. बाहेरून चपला काढल्याचा आवाज यायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दुष्काळात घरातले बैल विकावे लागले होते. एक चांगला बैल विकायला निघालाय असं कळलं म्हणून मामंजी सकाळी करंजीला निघाले. मी शिंकले. ते बसले, पाणी प्यायले, उठले. मी पुन्हा शिंकले. असं होता होता सकाळची एसटी गेली. दुपारच्या गाडीनं पोचले तर बैल दुसऱ्याच्या दावणीला गेलेला. संध्याकाळी ते परत आले तेव्हा सासूबाईंनी मला हे सांगितलं, आणि मी चुलीपुढं बसून रडायला लागले. मामंजी ओट्यावरून मोठ्यानं म्हणाले, "तिला सांग, रडू नको म्हनावं. शिंक काय ती मुद्दाम देती व्हय?"

गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यानं शिंका थांबल्या, पण अशी गुंगी यायची की बसल्या जागी डोळे मिटायचे. एकदा भाकरी थापता थापता माझा डोळा लागला आणि पदराचं टोक चुलीत गेलं. सासूबाईंनी झडप घालून विझवलं. काही झालं नाही, पदर तेवढा जळला. पण मामंजींनी तो जळका पदर पाहिला आणि गोळ्यांची पुडी उचलून उकिरड्यावर फेकून दिली.

मग त्यांनी चौकशी सुरू केली. आमच्या शेजारच्या आळीत एक रिटायर झालेले फौजी होते. त्यांची कंबर भिंगारला एका डॉक्टरांनी सुया टोचून बरी केली होती. ते डॉक्टर पूर्वी मिलिटरीत होते आणि आता कॅम्पाजवळ बंगलीत राहून पेशंट बघत. इंजेक्शन नाही, औषध नाही, नुसत्या सुया. फौजी म्हणाले, "शिंकंवर बी करत्यात. मी बघितलंय."

सासूबाईंना घाटात गाडी लागायची, त्या काही यायला तयार होईनात. मिस्टरांना रजा नव्हती. तेव्हा मामंजी म्हणाले, "मीच घिऊन जातो." सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. सासरा आणि सून दोघंच एसटीनं नगरला, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

मी पुढं बायकांजवळ बसले, ते मागं. भिंगार येईपर्यंत एक शब्द नाही. उतरल्यावर ते पुढं चालायचे आणि मी मागून, पण दर थोड्या वेळानं वळून बघायचे, मी आहे ना.

डॉक्टर उंच, पांढऱ्या मिशीचे, बोलायला मोकळे होते. त्यांच्या बाई त्यांना मदत करायच्या. डॉक्टरांनी मला विचारलं, "काय होतं तुम्हाला?" मामंजी समोर बसलेले, मी पदर आणखी पुढे ओढला. शेवटी मामंजीच बोलायला लागले.

"सकाळी उठली की पयलं नाक चोळती. मग झाडायला घेतलं की सुरू. न्हाऊन आली की जरा थांबतं. दुपारी बरी असती. खळ्यावर गेली की डोळं सुजत्यात. रातच्याला नाक बंद, तोंडानं श्वास घेती. कॅनॉलकडं माहेरी गेल्ती तवा काय बी झालं न्हाई."

मी पदराआडून ऐकत राहिले. जो माणूस माझ्याशी कधी एक वाक्य बोलला नव्हता, त्याला माझं इतकं सगळं माहीत होतं.

डॉक्टर म्हणाले, "ही धुळीची ॲलर्जी आहे. मुळातून जाईल असं मी सांगणार नाही. पण पुष्कळ कमी होईल." मग त्यांनी सुयांची डबी उघडली. बारीक, केसासारख्या सुया होत्या. मामंजींनी विचारलं, "ही इद्या कुठली म्हनायची?"

"चीनची. मी कलकत्त्याला होतो तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या चिनी वैद्याकडून शिकलो."

मामंजींचा चेहरा बदलला. आमच्या भागातली पोरं चीनच्या लढाईला गेली होती, काही परत आली नव्हती. "चिन्यांची सुई आमच्या पोरीला?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "त्या लढाईत मीही होतो, आबा. आपल्या जखमी पोरांना टाके घातलेत या हातांनी. तो म्हातारा कलकत्त्यातच जन्मला होता, गल्लीतल्या लोकांना फुकट सुया लावायचा. तुमच्या मनाला पटत नसेल तर नका घेऊ."

मामंजींनी डबी जवळ ओढून सुया निरखून पाहिल्या. मग त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

"आधी मला टोचा."

"तुम्हाला काय होतंय?"

"मला काय बी न्हाई. पर पोरीला टोचायच्या आधी मला कळू द्या, कसं लागतंय ते."

डॉक्टरांनी हसू दाबलं आणि अंगठा आणि बोट यांच्यामधल्या मऊ जागी सुई लावली. मामंजींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "टोचा की आता."

"टोचली केव्हाच."

त्यांनी डोळे उघडले, सुईकडं पाहिलं, बोट हलवून बघितलं. मग माझ्याकडं तोंड करून, सासूबाई मध्ये नसताना, पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलले, "लागत न्हाई गं. जरा जड वाटतंय, मुंग्या आल्यावानी. भिऊ नको."

मला हातावर आणि गुडघ्याच्या खाली सुया लावल्या. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या होत्या, त्याला पदर मागे घ्यावा लागणार. मामंजी उठले, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसले. शेवटची सुई दोन भुवयांच्या मध्ये होती. तिथं माझं कुंकू होतं. "कुंकू पुसावं लागेल," म्हणत डॉक्टरांच्या बाईंनी कापूस पुढं केला आणि मी एकदम मागे सरले. कुंकू पुसायचं, तेही सासरे तिथंच बसलेले असताना! बाईंनाही ते कळलं, त्यांचा हात तिथंच थांबला. भिंतीकडून मामंजींचा आवाज आला, "पुसू नका. आधी वर दुसरं लावा, मग खालचं काढा. कपाळ मोकळं ऱ्हायाला नको." बाईंनी आतून करंडा आणला, वर कपाळावर नवं कुंकू लावलं आणि मग खालचं टिपून घेतलं.

सुया लावून मी पडून राहिले. चेहरा जड झाला, नाकात आतून काहीतरी मोकळं होतंय असं वाटलं, आणि मला मोठी शिंक आली. नाकाजवळची एक सुई उडाली ती बाईंना चटईवर हुडकावी लागली. डॉक्टर मनापासून हसले. भिंतीकडं तोंड केलेल्या मामंजींचे खांदेही हलत होते.

पहिल्या वेळी काही फरक पडला नाही. परत येताना घाटात धूळ आली आणि मी शिंकत राहिले. पण मामंजींनी आठवड्याला जायचं ठरवलं होतं ते ठरवलं. दुसऱ्या खेपेला ते माझ्या मागच्या सीटवर बसले. पुढच्या एका खेपेला गाडीत गर्दी होती, तर माझ्या शेजारीच बसले, अंग चोरून. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं कॅनॉलला पानी कवा सोडत्यात?" मी सांगितलं. मग उसाचं विचारलं, पाटाचं विचारलं, माझ्या वडिलांच्या विहिरीचं विचारलं. मी मान खाली घालून उत्तरं देत गेले, आणि भिंगार कधी आलं ते कळलंच नाही. पुढं पुढं मीही विचारायला लागले. ते लहान असताना तिसगावच्या बाजारात काय काय यायचं, सासूबाईंशी लग्न कसं ठरलं, हे सगळं मला त्या गाडीत कळलं. सासूबाईंना मी ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला इतक्या वर्सात न्हाई सांगितलं ह्यातलं निम्मं!"

डॉक्टरांनी आणखीही गोष्टी सांगितल्या होत्या. पाणी शिंपडल्याशिवाय झाडायचं नाही, नाकाला ओलं फडकं बांधायचं, खळ्यावर जायचं नाही. मामंजींनी घरी येऊन हे सासूबाईंना असं बजावलं की जणू कलेक्टरचा हुकूम. माझं उफणणीचं काम सासूबाईंनी स्वतःकडं घेतलं आणि मला जनावरांच्या पाण्याचं दिलं. त्यामुळं सुयांनी किती झालं आणि यानं किती, हे मला आजही सांगता येणार नाही. पण होळी आली तोवर सकाळच्या शिंका जवळपास बंद झाल्या होत्या. रात्री झोप लागायला लागली. पुढच्या हंगामात त्रास झाला, पण पहिल्याच्या मानानं फारच थोडा.

मधे एकदा मामंजी बाहेर निघाले आणि मी शिंकले. सवयीनं त्यांनी चपलांत घातलेला पाय मागे घेतला. मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "ही धुळीची शिंक हाय. देवाची न्हाई. ही धरायची न्हाई." आणि चालू लागले. दुसऱ्या कुणाची शिंक मात्र त्यांनी अखेरपर्यंत मानली.

त्या पहिल्या वर्षीच्या शेवटच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता दिवाळीपर्यंत यायची गरज नाही. आम्ही परत स्टँडवर आलो तर गाडीला वेळ होता. मामंजी म्हणाले, "चल, काही तरी खाऊ." स्टँडजवळच्या हॉटेलात पडदा लावलेली फॅमिली रूम होती. तिथं आम्ही समोरासमोर बसलो. घरी मी कधी त्यांच्यासमोर जेवले नव्हते. बायकांचं जेवण नंतर, आत. पोऱ्या ऑर्डर घ्यायला आला तेव्हा मामंजींनी मला विचारलं, "तुला तिखट चालतं का गं?"

"लई चालतं," मी म्हणाले. माझ्या तोंडून पहिल्यांदाच त्यांच्यासारखा शब्द आला.

त्यांनी कांदाभजी आणि चहा मागवला. सुया लावण्यासाठी मागे घेतलेला पदर तसाच मागे होता, आणि ते माझ्याही लक्षात नव्हतं, त्यांच्याही. भज्याचा तुकडा तोंडात टाकत त्यांनी वर पाहिलं, आणि थोडा वेळ ते माझ्याकडं बघतच राहिले. मला घरात येऊन दुसरं वर्ष संपत आलं होतं, पण माझं तोंड त्यांनी असं समोरून, नीट, आजच पाहिलं.

"तुझं तोंड तर तुझ्या बापावर गेलंय की," ते म्हणाले.

मी हसले. तेही हसले, आणि पडदा बाजूला करून त्यांनी आणखी एक प्लेट भजी मागवली.