ऋतुजा सुधारली

"पोर उलट बोलत नाही म्हणून भांडणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय, अक्का," संपत म्हणाला.

"बघून घे. पुन्हा दिसायची नाही," हिरा म्हणाली.

रविवारची दुपार. जेवणं आटोपून तास झाला तरी खरकटी ताटं तशीच होती, कारण भांडण अर्ध्यावर टाकून उठायची या घरात पद्धत नव्हती. एका बाजूला हिरा, दुसऱ्या बाजूला तिचा धाकटा भाऊ संपत आणि भावजय दीपाली. जिच्यावरून हे चाललं होतं ती त्यांची सोळा वर्षांची ऋतुजा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"अकरावीचा अभ्यास असतो, अक्का. दमते ती," दीपाली म्हणाली.

"अभ्यासाने दमायला आधी तो करावा लागतो. तिच्या पुस्तकांवरची धूळ मी पुसते."

हडपसरात हिराची ओळख दोन गोष्टींसाठी होती. एक, साडीचं फॉल-पिको, दुसरी, जीभ. लग्नानंतर अकरा महिन्यांत ती सासर सोडून माहेरी, याच घरात आली, ती शिलाई मशीन तेवढं टेम्पोत घालून. बाकीचं सगळं त्यांचंच होतं, नवऱ्यासकट, असं ती सांगायची. मंडईजवळच्या तिच्या गाळ्यात कुणी "आजच मिळेल का?" असं विचारलं, तर "का, आज लग्न आहे तुमचं?" असं विचारून ती संध्याकाळपर्यंत साडी तयार ठेवायची. भांडण ही तिची विचारपूस होती. ज्याच्याशी ती गोड बोलली, तो माणूस तिच्या मनातून उतरला असं खुशाल समजावं.

या कलेत तिला एकच शिष्या मिळाली, ती ही भाची. ऋतुजा दहा वर्षांची असताना हिरा म्हणाली होती, "केस आहेत की केरसुणी?" पोरगी म्हणाली, "केरसुणीच. तुझ्यावर गेलेय." त्या दिवशी हिराने अख्ख्या बाजाराला हे सांगितलं होतं.

दिवाळीनंतर ऋतुजा गप्प झाली. सांगितलं ते करायची, वाढलं ते चिवडायची, कुणाला शब्दाने दुखवायची नाही. घरात आनंदीआनंद झाला. हे आपल्या गुरुवारांचं फळ, असं दीपालीने शेजारणींना सांगितलं. आपण मोबाइल काढून घेतला त्याचा हा गुण, असं संपतने गावच्या जत्रेत भेटेल त्या पाहुण्याला सांगितलं. हिरानेही आपला वाटा सोडला नाही. "बारा वर्षं टोचतेय, तेव्हा कुठे वळण लागलं," असं ती गिऱ्हाइकांना ऐकवायची.

मग हळूहळू तिला चैन पडेनासं झालं. संस्कृती ही ऋतुजाची जिवाभावाची मैत्रीण, रोज जिन्याखालून हाका मारून गल्ली जागी करणारी; तिच्या हाका बंद झाल्या होत्या. हिराने आणलेला भेळेचा पुडा तसाच ओला होऊन पडायचा. पहाटे चारला पाणी प्यायला उठावं, तर पोरीचे डोळे टक्क उघडे. हिराने खडा टाकून पाहिला: एकदा मुद्दाम आमटी खारट केली. संपतने आकांत मांडला. ऋतुजाने निमूट खाल्ली.

आणि काल, शनिवारी, दुकानात तिला ब्लाउजांना हूक लावायला बसवलं, तर एकच हूक अर्धा तास तिच्या बोटांत.

"याच वेगाने चालू दे," हिरा म्हणाली. "गिऱ्हाइकाच्या नातीला होईल हा ब्लाउज."

"बरोबर आहे तुझं, आत्या. मी कशाच्याच कामाची नाही."

त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. कापडाचा रंग सांगावा तशी ती बोलली होती. 'आमच्या वेळी' ने सुरू होणारी पाच-सहा वाक्यं हिराच्या जिभेवर आली, ती तिने गिळली. शटर अर्धं खाली ओढलं आणि ती पोरीसमोर स्टूल घेऊन बसली.

"खरं सांग. मरावंसं वाटतं का?"

ऋतुजाने हूक खाली ठेवला. "मरावंसं असं नाही. सकाळ झाली नाही तरी चालेल, असं वाटतं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. सांगणार होते. पण तुम्ही सगळे इतके खूश होतात."

"जिवाचं काही करायचं ठरवलंयस?"

"नाही."

"तसं मनात आलं तर आधी मला उठवायचं. घड्याळ बघायचं नाही. आणि हे मी घरात सांगणार आहे. लपवायला हा काही गुन्हा नाही."

ऋतुजाने मान हलवली, आणि मग ती रडायला लागली. हिराने फॉलचं नवंकोरं कापड तिच्या हातात दिलं. दुसरं काही जवळ नव्हतं.

ऋतुजा शांत झाल्यावर हिराने आपल्या जुन्या गिऱ्हाइकाला, दवाखान्यातल्या पूर्णिमा सिस्टरांना फोन केला. हा मनाचा आजार असतो, पोरांनाही होतो आणि औषधपाण्याने, बोलण्याने बरा होतो. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं तर वाट न बघता मनाच्या डॉक्टरांना दाखवायचं, असं सिस्टर म्हणाल्या.

हे सगळं हिराने आता खरकट्या ताटांसमोर सांगितलं.

"माझं काय चुकलं?" दीपालीने पदर डोळ्यांना लावला.

"चुकायला तू एकटी कशाला? तिच्या आजाराची शाबासकी तर मीही घेत होते."

"पण मनाचा डॉक्टर म्हणजे... उद्या तिच्या लग्नाच्या वेळी कुणी काढलं तर?"

"सोळाव्या वर्षी लग्न काढतेस होय? डॉक्टरच्या आधी पोलीस येतील."

"परीक्षा होऊ दे, अक्का," संपत म्हणाला. आवाज बराच खाली आला होता. "मग शांतपणे बघू."

"तुझी मूळव्याध मार्च एंडिंगपर्यंत थांबली नव्हती, संपत. रजा टाकून दवाखान्यात पळालास."

हिराने ताटं एकावर एक रचली आणि ती उठली.

"उद्या अकराची वेळ घेतलीये," ती म्हणाली. "दुकान बंद राहील. संपत, तू रजा टाकायचीस. दीपाली, तू पोरीशेजारी बसायचंस आणि डॉक्टर विचारतील तेवढंच बोलायचंस. ऋतूला मी विचारलंय, ती यायला तयार आहे. तुम्हाला विचारत नाहीये."